ताईच्या घड्याळाचं साल

सनकाकांच्या हातात जुनं घड्याळ दिलं की ते वेळ बघत नसत, साल बघत. मागचं झाकण उघडायचं, डोळ्याला भिंग लावायचं, मशीनवरचा बारीक नंबर वाचायचा आणि भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यांकडे एक नजर टाकून सन सांगून मोकळं व्हायचं. म्हणून ते सनकाका. पाठीमागे कुणी सनकीकाकाही म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गिऱ्हाईक "हे आमच्या आजोबांचं..." असं सुरू झालं की ते हात वर करत. "आधी नंबर. गोष्ट मागाहून." गोष्ट आधी कानात शिरली की डोळा लबाडी करतो, झिजलेल्या तीनचा आठ वाचतो, असं त्यांचं म्हणणं. नंबर कागदावर उतरला की मग गोष्ट मन लावून ऐकत, आणि ती सालाशी जुळली नाही तर तोंडावर सांगत. कित्येक घरांतली आजोबांची घड्याळं त्यांनी अशी काकांच्या वयाची करून टाकली होती.

एकच घड्याळ त्यांनी कधी उघडलं नव्हतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. वडील गेले तेव्हा ताई कॉलेजात होती आणि सनकाका शाळेत. पुढे ताईच्या लग्नात आईनं ते घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांनी जाण्याआधी तुझ्यासाठी घेऊन ठेवलं होतं." सनकाका शेजारीच उभे होते. त्यांच्यासाठी वडिलांनी काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं, साधं पेनसुद्धा नाही. ते मनाला लागलं ते लागलंच. वडिलांचा विषय निघाला की ते काहीतरी निमित्त काढून उठत. ताईचं घड्याळ बिघडलं की "मला वेळ नाही" म्हणत. घड्याळवाल्यालाच वेळ नाही म्हटल्यावर ताई हसायची आणि दुसऱ्या कारागिराकडे जायची.

त्या दुसऱ्या कारागिरानं एकदाचं दुकान बंद केलं. ताई आली, स्टुलावर बसली आणि घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "आता मुकाट्यानं उघड." घड्याळ ठेवून ती गेली.

दुरुस्ती किरकोळ होती. नंबर मात्र किरकोळ निघाला नाही. तक्त्यातलं साल वडील गेले तेच आलं. पण तक्ता म्हणजे अंदाज. कंपन्या नंबरांचे गठ्ठे आधीच ठरवून ठेवत, त्यातला कुठला कधी वापरला जाईल याचा नेम नसे. पक्कं साल सापडायचं ते कंपनीच्या जुन्या दप्तरातच. सनकाकांनी कंपनीला लिहिलं. उत्तर येईपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागेना. घड्याळ वडिलांनी घेतलेलं असेल, तर आपला रुसवा खरा. नसेल, तर तो सगळा फुकट गेला. यातलं आपल्याला काय हवंय, हेच त्यांना उमगेना. शिवाय ताईकडे वडिलांची म्हणून तेवढी एकच वस्तू होती, आणि ती हिरावून घ्यायची पाळी आपल्यावर येऊ शकत होती.

उत्तर आलं. घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं ते ताईच्या लग्नाच्या वर्षी. वडील त्याआधीच गेले होते. मशीन मागाहून कुणी बदललं असेल, अशी एक आशा सनकाकांनी धरून पाहिली. पण दप्तरात बाहेरच्या डबीचा, म्हणजे केसचाही नंबर नोंदलेला होता आणि दोन्ही नंबर तंतोतंत जुळत होते.

ताई घड्याळ न्यायला आली, तेव्हा सनकाका आयुष्यात पहिल्यांदा सालाबद्दल खोटं बोलले. "चालू झालंय. साल काही कळत नाही. नंबर पार झिजलाय."

ताईनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "तुझ्या भिंगाला नंबर दिसला नाही होय? मग मी सांगते. माझ्या लग्नाच्या वर्षीचं आहे. आईबरोबर दुकानात मीच होते."

"म्हणजे आई खोटं बोलली?"

"आईच्या शिलाईच्या पैशांत एकच घड्याळ येत होतं रे. दोन कुठून आणणार होती ती?"

"अगं, पण मला सांगायचंस ना! जन्मभर मी बाबांवर..."

"माहीत आहे. आईलाही माहीत होतं. तीच म्हणाली, 'धाकटा रुसणार हे नक्की. मग गेलेल्या माणसावर रुसू दे, त्यांचं काय बिघडतंय? माझ्यावर रुसला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून दिवस काढू?'" ताईनं घड्याळ मनगटावर चढवलं. "ती गेल्यावर सांगणार होते. तोंडातून शब्दच निघाला नाही बघ."

आई शेवटपर्यंत सनकाकांकडेच राहिली होती, आणि तिच्यावर ते एकदाही रुसले नव्हते.