दुसरीच्या हातची सुई

ताई बिनसाखरेचा चहासुद्धा चमच्याने ढवळायची. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवण बघायची. कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. रक्तातली साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. त्या मागितल्या तर सरळ नाही म्हणायची.

ताई आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कपडे शिवायची. साहित्य शिकून नोकरी मिळेना, तेव्हा मी तिच्याकडे काज-बटणं करायला बसले आणि तिची मैत्रीण झाले. वयाने ती माझ्या आईएवढी, अंगाने माझ्या निम्मी. सासरी तिला सुतळी म्हणत आणि धाकट्या जावेला पोतं. ‘सुतळीनं पोत्याचं तोंड बांधा रे,’ हा दिराचा ठरलेला विनोद. दोघी हसायच्या.

दोघींना मधुमेह. ताईला शाळेत असल्यापासून, धाकटीला चाळिशीत झालेला. धाकटीला स्वतःला टोचून घेणं जमेना. मग ताईने रीत पाडली. जेवणाआधी ओट्यापाशी उभं राहायचं. सिरिंज आपापली, हात दुसरीचा. धाकटी डोळे मिटून ओरडायची, ‘अगं बाई, मेले!’

‘मर सावकाश. आधी दूध उतू जातंय ते बघ.’

मग धाकटीने वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. पोट लहान केलं, आतडं वळवून जोडलं. घरी आली तेव्हा होती तेवढीच जाड होती. पण साखर ताब्यात आलेली. इंजेक्शन बंद.

‘वजन तसंच आहे की तिचं,’ ताई मला म्हणाली. ‘मग साखर गेली कुठे?’

हेच विचारायला ती धाकटीच्या डॉक्टरांकडे गेली. मला सोबत नेलं.

‘अन्न आता लवकर खालच्या आतड्यात पोचतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘तिथून स्वादुपिंडाला निरोप जातो, इन्शुलिन सोड म्हणून. तिचं स्वादुपिंड दमलं होतं, पण जिवंत होतं. लागलं कामाला.’

‘मग माझ्याही आतड्याचं तेवढं करा.’

‘तुमच्यात तो निरोप घ्यायला कुणी उरलेलं नाही, ताई. इन्शुलिन करणाऱ्या पेशीच गेल्यात. तुम्हाला इंजेक्शनला पर्याय नाही.’

ताई तिथून तडक दुकानाकडे निघाली. दुकानाचं शटर वर ढकलताना म्हणाली, ‘मी जन्मभर तोंड बांधून बसले. ती खात राहिली. आणि सुटली कोण?’

धाकटी वजनाने उतरत गेली. लोक ताईच्या देखत तिला म्हणायचे, ‘ओळखूच आली नाहीस गं!’ एका सकाळी ताईने तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली.

‘राहू दे. माझी मी घेते.’

‘अहो ताई, मला कसला त्रास?’

‘तुझा काय संबंध आता?’

त्यानंतर ताई खोलीचं दार लावून इंजेक्शन घ्यायची. निदान घरच्यांना तसं वाटायचं.

धाकटी पिशवीभर कपडे घेऊन दुकानात आली. ‘सगळे ढगळे झालेत, ताई. तुम्हीच आत घेऊन द्या.’

‘बघू,’ म्हणत ताईने पिशवी पायाने मशीनखाली सरकवली. ती गेल्यावर मला म्हणाली, ‘मिरवायला आली होती.’

मग ताई जावेसारखं जेवायला लागली. वाटीभर सूप, अर्धं अंडं. मी विचारलं, हे कशाला?

‘तिचं स्वादुपिंड जागं झालं. माझं का नाही होणार? जरा ताणून धरलं की येईल ताळ्यावर.’

मला वाटलं, ती जेवणाबद्दल बोलतेय. ती इंजेक्शनही कमी करत होती, हे नंतर कळलं. पुढे तर बंदच केलं.

तिला तहान लागायला लागली. ओकाऱ्या झाल्या. ‘पित्त आहे,’ म्हणाली. एके दिवशी दुकानात बसल्या जागी धापा टाकत होती. मी धावत जाऊन धाकटीला बोलावून आणलं. ती ताईच्या तोंडाशी वाकली आणि थांबली. श्वासाला पिकल्या फळांसारखा वास येत होता.

‘ताई, इंजेक्शन घेतलंत ना?’

‘तू नको मला विचारू.’

ते मी ऐकलेलं ताईचं शेवटचं वाक्य. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं इंजेक्शन कधी झालं? घरच्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटी म्हणाली, ‘आधी मीच द्यायचे हो. मीच द्यायचे.’ तेवढंच म्हणत राहिली.

ताई वाचली नाही.

गिऱ्हाइकांचे कपडे परत करायला दुकान मी उघडलं. मशीनखालची पिशवी बाहेर ओढली. ताईने तिला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. सगळ्यात वर धाकटीचा निळा ड्रेस होता, उलटा केलेला. उजवी बाजू आत घेतलेली, बारीक, सरळ शिवणीने. डावीकडे बाहीपासून कमरेपर्यंत खडूची रेघ होती. शिवण अजून घालायची होती.