पहिले दोन शब्द

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे यंत्रमाग दुरुस्त करतात. मागांच्या खटखटाटाची सवय अशी की घरातही ओरडून बोलतात, आणि समोरचा काही बोलला नसला तरी मान हलवून 'व्हय की' म्हणतात.

रविवारी ते नवा मोबाईल घेऊन वर आले. "सर, जुन्यातले नंबर ह्यात घाला की."

मी जुना फोन उघडला आणि चक्रावलो. यादीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. 'जेवलास का', 'माग बंद', 'कुटं हाय'. 'मी बोलतोय' या नावाचे तर तिघे होते.

"काका, ही माणसं कोण?"

"कारखान्यात फोनवर पहिले दोन शब्दच ऐकू येत्यात. त्येच नाव ठिवतो. 'जेवलास का' म्हंजी आमची थोरली भन."

मी एकेक नंबर नव्या फोनात घालत गेलो. 'नंतर करतो'पाशी थबकलो. नंबर ओळखीचा वाटत होता. दोनदा वाचल्यावर कळलं, माझाच होता.

"हे नाव बदलू का, काका?" मी हळूच विचारलं.

"नगं, सर," ते ओरडून म्हणाले. "मग तुमी मला घावनार न्हाई."