ओडेनवाल्डच्या डोंगरांचं बारसं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चिखलातून चाललं की बुटांना माती लागते, तसे ते चिकटत जातात. आमचे सगळे जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या ओडेनवाल्डच्या डोंगरांत चिकटले. साल दोन हजार चार-पाच. आम्ही काही मराठी इंजिनिअर शनिवारी डबे घेऊन निघायचो. म्होरक्या मिलिंद, सह्याद्री कोळून प्यायलेला! बरोबर माझी लेक सई, दुसरीतली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. ही भाषा तिच्यापाशी संपणार, अशी भीती बाप म्हणून मला वाटायची.

*

ऑफिसातला इयन स्कॉटलंडचा. एकदा आमच्याबरोबर आला आणि त्याच्याकडच्या डोंगरांची जुन्या गेलिक भाषेतली नावं सांगू लागला. तांबडा डोंगर, करडा डोंगर. डोंगरातल्या खोलगट जागेला तर चक्क कढई!

मिलिंद कसला ऐकतोय! "आमच्याकडे नदीच्या खडकात पाण्याने कोरलेले रांजण असतात. तुझी कढई बुडेल त्यात!"

इयन हसला. मग म्हणाला, "आजी ती भाषा बोलायची. वडिलांना नुसती कळायची. मला फक्त नकाशावर दिसते."

मी सईकडे बघितलं.

*

पुढच्याच शनिवारी आम्ही डोंगर-ओढ्यांच्या मराठी बारशाला सुरुवात केली. नियम एकच, जे दिसतं तेच नाव. मिलिंद एका ओढ्यात सपशेल आपटला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "याला माझं नाव द्या!"

"घसरडा ओढा!" ठराव एकमताने पास. पुढची दोन टेकड्यांमधली अरुंद वाट मग नुसतीच ‘खिंड’.

*

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. अर्ध्या चढावर त्यांनी बसकण मारली.

"आई, थोडंच राहिलंय हो."

"या डोंगराचं नाव काय?"

"अजून ठरलं नाही."

"मग आधी ठरवा. बिननावाच्या डोंगरावर मी नाही चढत!"

‘मोडकी सोंड’ ठरलं मात्र, त्या आमच्या आधी वर!

*

तिथल्या वान्डरफेराइनचे, म्हणजे भटक्यांच्या मंडळाचे एक आजोबा भेटले. नकाशा पुढे करून म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, या डोंगराला नाव आहे."

"हो, हो! ते तुम्ही सांभाळा. मराठी नाव आम्ही सांभाळतो," मिलिंद म्हणाला. "बसलेला बैल!"

आजोबांनी चष्मा पुसला. डोंगराकडे बराच वेळ बघितलं.

"गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर!

अभिमानाने आमची छाती अशी फुगली की पुढचा चढ जाणवलाच नाही.

*

सईच्या वर्गाची सहल त्याच डोंगरात गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला शाळेत बोलावलं. सई त्यांच्या शेजारीच उभी.

बाई म्हणाल्या, "काल दोन गट करून आम्ही जंगलात खेळ खेळलो. शेवटी कुठे भेटायचं, ते सईने सगळ्यांना सांगितलं. खिंडीत! सकाळी वाटेत तिने मुलांना ती दाखवली होती म्हणे, सगळी पोचली. दुसऱ्या बाईसुद्धा पोचल्या, मुलांच्या मागोमाग. मी एकटी नकाशा घेऊन फिरत राहिले. ही खिंड आहे तरी कुठे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सईने माझी बाही ओढली. आणि स्वच्छ मराठीत म्हणाली,

"बाबा, रागावू नको हं त्यांना. नवीन आहेत त्या इथे!"