घागरीची केस

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. शेवगावच्या कोर्टात मी नवाच वकील, आणि अंगात मस्ती म्हणाल तर विचारू नका. आरोपी होती एका बागायतदाराच्या घरी धुणीभांडी करणारी बाई. त्या घरचं नाव घातलेली तांब्याची घागर तिच्या झोपडीत सापडली होती. नवऱ्यानं पोराला ठेवून घेतलं आणि तिला माहेरी धाडलं. "कोर्टानं चोर न्हाई म्हनून सांगितलं, तरच ये," म्हणाला.

घागर खरं तर बागायतदाराच्या आईनं तिला दिली होती. सुनेच्या बाळंतपणात ही बाई राबली, म्हणून दिली; मुलाला काही सांगितलं नाही. साक्षीच्या तारखेला म्हातारी स्वतःहून बैलगाडीनं आली. मला म्हणाली, "ल्योक घरात घेईना का! मी दिली, मीच सांगते."

पण मी पडलो अतिशहाणा. पंचनाम्याच्या दोन्ही पंचांची मी उलटतपासणीत पार भंबेरी उडवली होती. एक म्हणे घागर चुलीपाशी होती, दुसरा म्हणे मोरीत. केस खिशात आली होती. आता ही म्हातारी सरकारी वकिलापुढे घाबरून भलतंच बोलली म्हणजे? मी तिला परत पाठवलं.

बाई कळवळून म्हणाली, "साहेब, बोलू द्या की त्यास्नी."

"तुला सुटायचंय ना? मग गप बैस."

पुढं महिनाभरात म्हातारी वारली.

निकालाच्या दिवशी नवरा पोराला घेऊन आला होता. कोर्टानं संशयाचा फायदा देऊन बाईला सोडलं. मी ऐटीत बाहेर आलो. तिनं पोराला उचलून छातीशी धरलं होतं, आणि नवरा मला विचारत होता, "संशयाचा फायदा म्हंजे काय, साहेब?"

"पुरावा पुरेसा नाही, म्हणून सोडलं."

"म्हंजे चोरली न्हाई, असं न्हाई म्हनलं?"

मी म्हातारीची हकिगत सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग ती कोर्टात का न्हाई बोलली?"

त्यानं तिच्याकडून पोरगं ओढून घेतलं. ते "आये, आये" करून ओरडत होतं. तो थेट स्टँडकडे चालू लागला. ती मागं धावली. मी जागचा हललो नाही.

एसटी गेल्यावर ती परत आली. रडून आवाज बसला होता. म्हणाली, "साहेब, पुन्यांदा केस लावा. येक येळ मला जेलात घातलं तरी चालंल. पर मालकाच्या आईनं मला काय सांगितलं, घागर कुनी दिली, समदं मला बोलू द्या."

सुटलेल्या माणसाला अपील नसतं, हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना.