काकूंनी वाढलेलं पॅलेट

किस्से कोणी ठरवून जमा करत नाही हो! पॅलेट दर वेळी पुसलं तरी कडेला थोडा रंग वाळत राहतो आणि एक दिवस बघावं तर बोटभर थर झालेला असतो. आमच्या रविवारच्या मंडळींचं तसंच झालंय.

यवतमाळहून लोहाऱ्याकडं जाताना एमआयडीसीच्या अलीकडं भोयर सरांचं घर आहे. घरामागं टिनाचं शेड, तोच स्टुडिओ. सर रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, वय सत्तरीपार, सगळी उमर ऑइलमध्ये पोर्ट्रेट करण्यात गेली. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्याकडं शिकायला जातो. मी, म्हणजे झेडपीच्या शाळेतला गणिताचा मास्तर. वैशाली, ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. आणि महागावकडचा प्रकाश राठोड, घरची कापूस-सोयाबीनची शेती, पहिल्या एसटीनं येतो. सोबत काकू, सरांच्या पत्नी. काकू ब्रश हातात धरत नाहीत, पण त्यांच्याशिवाय आमच्याकडं एकही चित्र होत नाही.

*

माझा पहिला रविवार. मी ऑनलाइन बारा ट्यूबांचा सेट मागवला होता. त्यात एक गुलाबीसर ट्यूब होती, 'फ्लेश टिंट'. म्हणजे कातडीचा रेडीमेड रंग! मी खुशीत तीच आधी पिळली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कोणाच्या कातडीचा रंग हाय बावा?"

"माणसाच्या, सर."

सरांनी तो रंग बोटावर घेतला आणि ठिपके लावत सुटले. माझ्या हातावर, वैशालीच्या, राठोडच्या, आणि नेमका त्याच वेळी दारात आलेल्या दूधवाल्याच्याही! गोवराची साथ आल्यासारखे आम्ही एकमेकांकडं बघत उभे.

"जिल्ह्यात या रंगाचा माणूस सापडला तर मले आणून दाखव," सर म्हणाले. "त्याले आधी दवाखान्यात नेऊ!"

ती ट्यूब अजून आहे. खिडकीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिची पाचर केलीय.

*

आमच्याकडं सरांचं पॅलेट सर लावत नाहीत, काकू लावतात. लग्न झाल्यापासून. आणि कसं? तर ताट वाढतात तसं!

वर मधोमध मिठाची जागा, तिथं पांढरा. डावीकडं चटणी-कोशिंबिरीच्या जागी तांबडे, तेही चटणीएवढेच. उजवीकडं भाज्यांच्या जागी यलो ओकर, बर्न्ट सिएना, अंबर, हे मातीचे पिवळे-तपकिरी रंग भरपूर. निळा उजव्या कोपऱ्यात, ताकाच्या वाटीच्या जागी. मधली भाताची जागा रिकामी, ती मिसळायला. काळा मुळीच नाही. दुकानातल्या काळ्यानं चेहरा मरतो, असं सरांचं मत.

"मीठ कुठं हाय हे ताटावर बसल्यावर कोणी पाह्यते का?" सर विचारतात. "हात आपोआप जाते. हाताले जागा पाठ पाह्यजे, म्हंजे डोळा चेहऱ्यावरून हलत नाई."

वैशालीनं पहिल्यांदा आपलं पॅलेट लावलं ते इंद्रधनुष्याच्या क्रमानं, सगळे रंग सारखे, लॅबमधल्या नमुन्यांसारखे एका ओळीत. वर तिला वाटलं, शाबासकी मिळणार. काकू चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"पोरी, हे जेवाले बसवून राह्यली का दुकान मांडून राह्यली?"

*

राठोडनं आपल्या आईचं पोर्ट्रेट करायला घेतलं. त्यांच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीची ओढणी आरशांची, कवड्यांची, अंगभर दागिने. पठ्ठ्या तीन महिने नुसते आरसे रंगवत होता! एकेका आरशात वेगळा उजेड. पॅलेटवर चौदा रंग, आणि चेहऱ्याच्या जागी कोरा कॅनव्हास.

"बावा, ओढणी तं झाली," सर म्हणाले. "माय कुठं गेली?"

त्या दिवशी राठोडचे सगळे रंग संपत आलेले. मधल्या जागेत सगळ्या रंगांचा मिळून एक मातकट गोळा उरला होता. आता शहरात जाऊन नवे आणायचे तर परतीची एसटी चुकणार. त्यानं घाईघाईत त्या उरल्यासुरल्या गोळ्यातच चेहरा उतरवला. आणि काय सांगू! तीन महिन्यांच्या ओढणीला त्या पाऊण तासाच्या चेहऱ्यानं खाऊन टाकलं.

मग एका रविवारी राठोड याडीलाच घेऊन आला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. म्हातारीनं चित्राला नाक लावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एका आरशावर बोट ठेवलं.

"हा फुटेल होता. तू साबूत काहून काढला?"

चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही! राठोडनं तिच्यादेखत त्या आरशाला तडा काढून दिला, तेव्हा कुठं बाई चहाला बसल्या.

*

सरांकडं लोक येतात ते बहुतेक गेलेल्या माणसाचं चित्र करून घ्यायला. फोटो दाखवतात आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणतात, "थोडं गोरं करा सर." या एका वाक्यावर सरांनी आजवर किती माणसं दारातून परत पाठवली असतील, देव जाणे.

मागं एक गृहस्थ वडिलांचा फोटो मोबाइलवर घेऊन आले. फोटो कुठल्यातरी ॲपमधून काढलेला, वडील नुसते चमकत होते. सर म्हणाले, "मतदान कार्ड आणा. त्याच्यावर सगळे खरे दिसतेत."

कार्ड आलं. वडील चांगले उन्हातान्हातले, सावळे, रुबाबदार गृहस्थ. सरांना एकदम आवडले. पण मुलाचा आपला एकच धोशा, "पाहुणेरावळे येतात, हॉलमध्ये लावायचंय, थोडं तरी गोरं..."

"तुमच्या शेजारी कोण राह्यते?" सरांनी विचारलं.

"अग्रवाल म्हणून आहेत. काहून?"

"गोरे हायेत?"

"आहेत तसे..."

"मंग त्यायचंच काढून देतो!"

*

राजूरहून आलेला एक जण मात्र उलटा होता. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. चित्र पूर्ण झालं, त्यानं बघितलं आणि मान हलवली. "सर, बाबा जास्तच साफ झाले. किती घासून आंघोळ केली तरी डोळ्याच्या कडेले काळं राह्याचं त्यायच्या. काजळ लावल्यावानी. माय चिडवे त्यायले."

सरांनी निळा आणि अंबर मिसळून गडद रंग केला. पोरगा नाहीच म्हणाला. दुसरा केला, तरी नाही. पुढच्या रविवारी तो आला तो कागदात बांधलेला कोळशाचा खडा घेऊन!

आम्हाला वाटलं, आता सर भडकणार. सरांनी खडा हातात घेतला, खलबत्त्यात कुटला, जवसाच्या तेलात घोटला आणि काकूंपुढं धरला. काळा रंग पहिल्यांदाच पॅलेटवर यायचा होता. काकूंनी क्षणभर विचार केला आणि डावीकडं लोणच्याच्या जागी नखाएवढा ठेवला.

"एवढाच," त्या म्हणाल्या. "अन् आजच्या दिवसच."

*

आता काकूंचा किस्सा. शेडच्या भिंतीवर सरांनी केलेले बरेच चेहरे टांगलेले आहेत आणि मधोमध एक खिळा रिकामा आहे. तो काकूंच्या पोर्ट्रेटचा. लग्नाच्या पुढच्या वर्षीच ठोकलेला! "तिचा रंग अजून सापडला नाई," म्हणत सरांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढली. तोवर काकू त्या खिळ्याला चहाची गाळणी अडकवत आल्या.

सरांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. सगळी चित्रं उजव्या डोळ्यावर. आणि त्यात मोतीबिंदू झाला. दोन डोळेवाल्यांना त्या ऑपरेशनचं काही वाटत नाही. सरांना हा गेला तर चित्रच संपलं. डॉक्टर घाई करत होते.

"थोडं थांबा," सरांनी त्यांना सांगितलं. "एक चित्र राह्यलं हाय."

पुढच्या रविवारी काकूंनी पॅलेट वाढलं, हात पुसले आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

काकू चांगल्या काळ्या आहेत. त्या स्वतःच सांगतात. पहिले दोन रविवार चित्र झकास चाललं. मग मात्र आम्हाला दिसायला लागलं. मोतीबिंदूमुळं सरांना सगळं मळकट दिसत होतं, म्हणून त्यांचा हात सारखा मिठाच्या जागी जात होता. पांढरा, अजून पांढरा, आणखी थोडा. पाचव्या रविवारी खुर्चीत काकू होत्या आणि कॅनव्हासवर साबणाच्या जाहिरातीतली बाई!

"कसं झालं?" सरांनी विचारलं.

वैशालीनं माझ्या पायावर पाय दिला. राठोड जमिनीकडं बघत म्हणाला, "मस्त झालं सर." मीही मान डोलावली. खोटं बोलल्याची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकू उठून चित्रासमोर आल्या. "छान काढलं," एवढंच म्हणाल्या. नंतर बाहेर नळापाशी आम्हा तिघांना गाठलं.

"कोणी बोलाचं नाई. डोळा वापस आला तं त्यायले दिसनच. नाई आला, तं त्यायनं काढलेलं शेवटचं चित्र चांगलंच झालतं. समजलं?"

राठोड तोंड धुवायच्या निमित्तानं नळ सोडून बसला. चित्र खिळ्यावर गेलं आणि गाळणी स्वयंपाकघरात गेली.

ऑपरेशन नीट झालं. महिना-दीड महिना सरांना शेडमध्ये यायची मनाई होती. मग आला तो रविवार. सर आत आले, सरळ भिंतीपाशी गेले. चित्राकडं बघितलं. वळून काकूंकडं बघितलं. परत चित्राकडं.

"हे कोण हाय?"

"मीच," काकू म्हणाल्या.

सरांनी आमच्याकडं नजर वळवली. आम्ही तिघंही एकदम ब्रश धुवायला लागलो.

"लोकायले दारातून वापस पाठवलं म्या," सर म्हणाले, "अन् माह्याच घरात हे? मले काहून नाई सांगतलं कोणी?"

"जलमात पह्यल्यांदा गोरी झालती," काकू म्हणाल्या. "म्हटलं, राहू द्या दीड महिना!"

सर इतके हसले की डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि वैशाली कापूस घेऊन धावली. मग त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं, ईझलवर ठेवलं, खुर्ची ओढली.

"वाढ," ते म्हणाले.

काकूंनी पॅलेट घेतलं. डावीकडं तांबडे, उजवीकडं ओकर, सिएना, अंबर, कोपऱ्यात निळा. सगळं जिथल्या तिथं. पॅलेट सरांच्या हातात दिलं, खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. सरांनी काकूंच्या चेहऱ्यावर नजर लावली आणि सवयीनं ब्रश वर मधोमध नेला. ब्रश कोऱ्या लाकडावर घासला.

"अवं, पांढरा?"

काकू हलल्या नाहीत. पोर्ट्रेटला बसलेल्या माणसानं हलायचं नसतं.

"आज अळणी जेवा," त्या म्हणाल्या.