पहिल्या दिवशी शेगडी बंद

सहलीत आचारी नेतात तो मुक्कामी पोचल्याबरोबर वरण-भात टाकायला. आमचे महाराज पहिल्या दिवशी शेगडीच पेटवत नसत. मी नागपूरहून बस भरून माणसं देशभर फिरवते, आणि असा उफराटा आचारी मी वीस वर्षं सांभाळला. "नुसता फोटो काढून काय होते? इथलं पानी प्या, इथला घास खा. मंग म्हना, जाऊन आलो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लोक माझ्यावर उखडायचे. मी महाराजांना मनातल्या मनात शिव्या घालून वरवर हसायची.

कच्छला तर नागपूरच्या इतवारी भागातल्या एका काकूंनी बसमध्येच ठिय्या मांडला. वरण-भाताशिवाय उतरणार नाही म्हणाल्या. सावजी मसाल्याची पुडी त्यांच्या पिशवीत तयारच होती. महाराज शांतपणे म्हणाले, "चला वं काकू, तुमाले एक घर दाखवतो." गावात एक म्हातारी बाजरीचे रोटले थापत होती. काकू तिच्या चुलीपुढे मांडी घालून बसल्या, लोणी लावून तीन रोटले खाल्ले आणि निघताना मसाल्याची पुडी तिलाच देऊन आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. महाराज दारातच उभे होते, मिशीत हसत.

दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतः रांधत, पण आदल्या दिवशी जे शिकले तेच. चिखलदऱ्याच्या कोरकू आदिवासी बायांकडून शिकलेला कुटकीचा, त्या बारीक भरडधान्याचा भात त्यांच्या हातचा खावा. आता कोण करणार तो?

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय जरा सावरले, पण गिळणं गेलं ते गेलंच. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून नाकात नळी घेऊनच ते नागपूरलगत बेसाला मुलाच्या घरी आले. त्या नळीतून दर दोन तासांनी पातळ, पांढरं काहीतरी पोटात जातं. जिभेला त्यातलं काही कळत नाही. या माणसाचं काही न्यायचंच होतं, तर देवाला नेमका घसाच सापडला. मला अजून राग येतो.

मी मेघालयला निघाले तेव्हा जड जिभेने म्हणाले, "काय खाल्लं ते सांगजा, ताई." तिथे काळ्या तिळाच्या रश्श्यातला मासा मी त्यांच्यासाठीच सावकाश खाल्ला. परत आल्यावर उशाशी बसून सांगायला लागले, तीळ कसे भाजतात, वास कसा सुटतो. त्यांनी डोळे मिटले. चेहरा उजळला. आणि एकदम ठसका लागून तोच चेहरा काळानिळा पडला.

मुलाने धावत येऊन त्यांना बसवलं, घसा मोकळा केला. मग मला बाहेर नेऊन म्हणाला, "ताई, खान्याचं नका बोलू त्यायच्यापुढे. तोंडाले पानी सुटते अन् ते छातीत उतरते. डॉक्टर म्हनते, त्यातच जातील एखाद्या वेळी."

परवा कूर्गहून आल्यावर मी त्यांच्याकडे गेले होते. "सांगा," महाराज म्हणाले. मी म्हटलं, डोंगर होते, धुकं होतं, हवा छान होती. ते वाट बघत राहिले. "अन्?" शेवटी मी मोबाइल काढून फोटो दाखवायला लागले.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.