तोफा थांबल्या तेव्हा

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर वहीला हात लागला नाही. कुणी वाचलंच तर माफ करावं.

लॉकडाउनमध्ये मी परदेशी, लेकाकडे कॅसल हिलला अडकले. लेक गॅरेजमधून ऑफिस करायचा, नातीची शाळा डायनिंग टेबलावर, आणि मी तिच्या शेजारी मटार सोलत बसायचे. तिला इतिहासाची असाइनमेंट होती. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या लढाईत एखादी डिव्हिजन जिंकली, तर ती शिपायांमुळे की वरच्यांनी आखलेल्या बेतामुळे?

मी म्हणाले, "माझे आजोबा होते त्या लढाईत. बसऱ्याकडे. पलटणीत नाईक होते, आठ-दहा शिपाई हाताखाली."

"व्हॉट! आजी, तू हे आत्ता सांगतेस?"

"कधी कुणी विचारलं?"

मग सांगितलं. शेजाऱ्यांचा एकुलता मुलगा आजोबांच्या शब्दावर त्यांच्याच पलटणीत गेला होता. हल्ल्याच्या दिवशी खंदकातून बाहेर पडले आणि सगळे चिखलात रुतले. आजोबा दुसऱ्याच एका शिपायाला ओढून काढत राहिले, बाकीचे त्यांच्यासाठी खोळंबले. तेवढ्यात शत्रूला दाबून धरणाऱ्या आपल्या तोफा थांबल्या, समोरच्यांनी डोकी वर काढून गोळ्या झाडल्या, आणि तो मुलगा गेला. आजोबा परतले तेव्हा गाव म्हणालं, तू एकासाठी थांबून उशीर केलास, म्हणून पोरगा गेला. पंचांनी भरपाईची रक्कम ठरवली, शेजाऱ्यांना हप्त्याहप्त्याने द्यायची. आजोबांनी ती मान्य केली, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

नात दोन दिवस वाचत होती. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बघ. तोफा किती मिनिटं चालणार हे मागे हेडक्वार्टरला आधीच ठरलेलं. चिखल बघायला कुणी आलंच नाही. पुढून कळवायचं तर फोनच्या तारा तुटलेल्या. नंतर वरचे साहेब बदलले. जास्त तोफा आणल्या, रसदीला बोटी आणल्या, तयारीला वेळ दिला. अँड सेम डिव्हिजन जिंकली! पलटणी त्याच, आजी."

"मग आजोबा?"

"ही वॉझन्ट लेट. प्लॅनच चुकीचा होता."

जिंकल्यावर पदकं साहेबांना, आणि हरल्यावर पैसे नाइकाने भरायचे! ज्यांनी तो बेत आखला त्यांनी एक आणा दिला नाही. आजोबा मरेपर्यंत शेजाऱ्यांच्या दारासमोरून खाली मान घालून गेले. आणि मीही लहानपणी त्यांच्यावरच राग धरला होता.

"टीचरला सांगशील? झूमवर? जस्ट टू मिनिट्स."

"नको गं बाई. तूच लिही."

तिने लिहिलं. माझ्या रागाचं कारण मात्र मी तिला सांगितलं नाही.

आजोबा गेल्यावर हप्ते बाबा देत राहिले. मी चौथी पास झाले, तेव्हा तालुक्याला राहून पाचवी शिकण्यासाठी त्यांनी पैसे डब्यात साठवले होते. नेमका तेवढाच शेवटचा हप्ता उरला होता. एका सकाळी बाबा डबा घेऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेले, मी दारातून बघत होते. त्यांनी पैसे मोजून दिले. सगळी रक्कम फिटली.